सहा उशा आणि एक डोकं

आदरणीय व्याहीबुवांना गादीवाल्याचा सप्रेम नमस्कार.

आपली कंबर आता कशी आहे? (मी गादी बनवून पाठवतो म्हणालो होतो, आपण दुसऱ्याच दुकानातून आणलीत. असो, मी मनात ठेवलेलं नाही.) विहीणबाईंच्या गुडघ्यांचीही चौकशी केली म्हणून सांगा. इकडे सगळं उत्तम आहे. उत्तम कसलं, विजय आहे! आपल्या कन्येने, म्हणजे आमच्या सूनबाईंनी, आमच्या तीन पिढ्यांच्या दुकानाची ऑनलाइन कंपनी केली हे आपण चारचौघांत मोठ्या अभिमानाने सांगता, असं कानावर आलं. सांगा, जरूर सांगा. पण ती वर कोणी काढली हेही सांगता यावं, म्हणून हे पत्र.

दुकानाला टाळं लागायची वेळ आली होती, हे मी आपल्यापासून कधी लपवलं नाही. दिवसाकाठी एखादं गिऱ्हाईक यायचं, तेही पत्ता विचारायला. मग सूनबाईंनी चांगली नोकरी सोडली, आमच्या चिरंजिवांना चादरींचे फोटो काढायला बसवलं आणि मधले व्यापारी, दलाल सगळे वगळून माल थेट गिऱ्हाइकाच्या दारात, अशी व्यवस्था लावली. मागण्या येऊ लागल्या, हे मान्य. पण मला घास गोड लागेना. अहो, माणसाची पाठ न बघता त्याला गादी विकायची? माझे वडील गिऱ्हाइकाला दुकानात चार फेऱ्या मारायला लावायचे आणि मगच कापसाला हात घालायचे. इथे बटण दाबलं की संपलं! सुदैवाने प्रत्येक मागणीवर फोन नंबर असतो. सूनबाई जेवायला उठल्या की मी एकेकाला फोन लावू लागलो.

पहिले सापडले एक दंतवैद्य. दिवसभर वाकून काम, आणि मागवली होती लोण्यासारखी मऊ गादी. मी वजन विचारलं, कुठल्या कुशीवर झोपता ते विचारलं, झोपेत लाथा मारता का हे त्यांच्या पत्नीला विचारलं (मारतात), आणि मागणी रद्द करून टाकली. मग एक मुख्याध्यापिका. घरात एकट्या, आणि उशा सहा! मी विचारलं, "बाई, डोकी किती?" त्या म्हणाल्या, "एक झोपायला, पाच शोभेला." शोभेला! मी मागणीतून पाच उशा तिथल्या तिथे कापल्या, आणि उरलेली पातळ घ्या, नाहीतर मान आखडेल, असंही बजावलं.

इथे जरा माशी शिंकली. बाईंनी कंपनीच्या पानावर एकच तारा देऊन भलामोठा अभिप्राय लिहिला (शुद्धलेखन निर्दोष, मजकूर अन्यायकारक). सूनबाई तो वाचून माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "बाबा, तुम्ही एका आठवड्यात एकतीस मागण्या रद्द केल्यात?" मी म्हटलं, "बत्तीस." हिशेब चोख असलेला बरा. पण मी हार मानणारा नव्हे. बाईंना पुन्हा फोन लावला आणि सव्वा तास त्यांच्या मानेबद्दल बोललो. पातळ उशीवर त्या पंधरा दिवस झोपल्या, आणि मानदुखी गेली! मग पाच तारे आले आणि खाली वाक्य आलं, 'मला खरेदी करू न देणारं हे जगातलं पहिलंच दुकान.' ते वाक्य या फोनवरून त्या फोनवर असं काही फिरलं की आपल्यालाही कुणीतरी दटावावं म्हणून लोक मागण्या नोंदवू लागले. दंतवैद्यांनी स्वतःसाठी कडक आणि पत्नीसाठी वेगळी, अशा दोन गाद्या नेल्या. मागण्या तिप्पट झाल्या. दोन शिवणारे नवीन ठेवावे लागले.

सूनबाई तर थक्कच झाल्या. दोन दिवस माझं ताट वाढून त्या आत निघून जात, एवढ्या यशानंतर माझ्यासमोर बसायला संकोच वाटत असावा. तिसऱ्या दिवशी त्यांनी लॅपटॉप आणि दुकानाच्या किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, "आता तुम्हीच चालवा, बाबा." डोळ्यांत पाणी होतं. एवढा मान मला पोटच्या पोरानेही कधी दिला नाही.

आपला लोभ आहेच, तो थोडा वाढवावा.

आपला,
विजयी व्याही

ता. क. सूनबाई काल दुपारच्या गाडीने आपल्याकडे यायला निघाल्या. बॅग बरीच मोठी होती. इकडे लॅपटॉप पासवर्ड मागतो आहे, त्या फोन उचलत नाहीत, दोनशे चौदा मागण्या आत अडकल्या आहेत आणि शिवणारे हातावर हात ठेवून बसले आहेत. तरी त्यांना लवकर पाठवावं.

आणखी एक ता. क. पहिल्या ता. क.मध्ये काम अडल्याचं लिहिलं, ते खरं नाही. पासवर्ड चिरंजिवांना ठाऊक आहे, माल आज सकाळीच रवाना झाला. कंपनीचं काही अडलेलं नाही, माझंच अडलं आहे. दुकान खायला उठतं. त्या पोरीने माझ्या दुकानासाठी स्वतःची नोकरी सोडली, आणि मी तिच्या पाठीमागे फोन करत बसलो. चुकलो. तिला विचारल्याशिवाय यापुढे एकही फोन लावणार नाही. हे तिच्यासमोर उभं राहून म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून आपल्याला गळ घालतो आहे.

शेवटचं. हा दुसरा ता. क. मी मुद्दाम वेगळ्या कागदावर लिहिला आहे. तेवढाच तिच्या हातात द्यावा. बाकीचं पत्र वाचून झाल्यावर फाडून टाकावं.