तुझ्या हाताची वीत

माय, दसरा झाला आणि मी पुन्हा सुया बाहेर काढल्या. तुझ्याच आहेत, स्टीलच्या. एकीची मागची टोपी कधीच निघून गेली, तिथे मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलाय, त्यामुळे टाके घसरत नाहीत. सकाळचा चहा झाला की खुर्ची घेऊन मागच्या अंगणात बसतो. कुंपणापलीकडे आपलं धान, यंदा चांगलं भरलंय, लोंब्या वाकल्यात. पोपटांचा थवा उतरला की सुया न सोडताच ओरडतो. धानाच्या पलीकडे तलावाची पाळ आणि तिच्यामागे जंगल. बांधावरच्या गवतात दवाने भिजलेली कोळ्यांची जाळी दिसतात, ऊन चढलं की दिसेनाशी होतात. ऑक्टोबरचं ऊन अजून चटके देतं आणि मी मांडीवर लोकर घेऊन बसलेला, त्यामुळे रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबतो आणि विचारतो की भाऊ, आपल्या चंद्रपुरात स्वेटर घालते कोण? मी म्हणतो, पुसाच्या महिन्यात पहाटे खळ्यावर ये, मग सांगतो. मे महिन्यात जीव नकोसा करणारं हे गाव थंडीत दात वाजवायला लावतं, पण लोकांना फक्त मेच आठवतो.

वीजकेंद्राच्या क्वार्टरमध्ये तू मला हे विणकाम शिकवलंस, ते काही माझ्यात गुण दिसला म्हणून नाही. मी सायकलवरून पडून पाय मोडून घेतला होता, दीड महिना प्लास्टर, आणि मी पलंगावर बसून तुला छळत होतो. तू स्वतः शेजारच्या पंजाबी काकूंकडून शिकलेली. एक दिवस वैतागून माझ्या हातात दोन सुया दिल्यास आणि म्हणालीस, वीस टाके घाल, मग भूक लागली म्हण. घरात बहीण नव्हती, त्यामुळे हे पोरींचं काम आहे असं मला सांगणारंही कोणी नव्हतं. बाबा शिफ्टवरून यायचे, पाहायचे आणि जेवायला बसायचे. प्लांटची राख तेव्हा सगळीकडे उतरायची, वाळत टाकलेले कपडे झटकूनच घरात घ्यावे लागायचे, म्हणून धुतलेल्या लोकरीच्या लडी तू स्वयंपाकघरात दोरीवर टांगायचीस आणि खाली पाण्याने भरलेला तांब्या बांधायचीस, जुन्या लोकरीची वळणं सरळ व्हावीत म्हणून. लडी वाळली की कुठलातरी कागद चौघडी करून त्यावर गुंडा गुंडाळायचीस. माझा गणिताचा पेपर अशाच एका हिरव्या गुंड्याच्या पोटात गेला, आणि त्याबद्दल मी तुझा आजही आभारी आहे.

टेप तू कधीच वापरला नाहीस. तुझं सगळं माप वितीत आणि बोटांत. बाबांच्या मफलरची रुंदी एक वीत, माझ्या स्वेटरची बाही दोन विती चार बोटं, असं तू म्हणायचीस आणि अंगठा टेकवून करंगळी ताणायचीस. प्लास्टर निघाल्यावर मी बाबांसाठी मफलर विणायला घेतला, तुला न विचारता. एक वीत रुंद, अगदी बरोबर, फक्त वीत माझी होती, नऊ वर्षांच्या पोराची. मफलर म्हणजे नुसती पट्टी झाली. तू तो उलगडून पाहिलास, सुईवरून टाके काढलेस आणि सरळ उसवायला लागलीस. मी रडत होतो. तू थांबली नाहीस. सगळी लोकर मांडीवर जमल्यावर माझा हात धरून स्वतःच्या हातावर ठेवलास, माझी बोटं तुझ्या तळव्यातच संपली होती, आणि म्हणालीस,

“मोजायचं तं माह्या हातानं मोज. घरात एकच माप रायते.”

त्या दिवशी मी तुझ्याशी बोललो नाही. पण नंतर तीस वर्षं मी तुझ्याच हाताने मोजलं. काही विणायला घेतलं की तुझ्याकडे यायचो, तू वीत ठेवायचीस, मी तिथे खूण करायचो. मीही प्लांटमध्येच लागलो, मेंटेनन्सला. कंपनीच्या बसमध्ये येता-जाता विणायचो. पहिला महिना सगळी बस हसली. दुसऱ्या महिन्यात एकाने हळूच विचारलं की माझ्या पोरासाठी कानटोपी होईल का. त्या थंडीत मी अकरा कानटोप्या विणल्या आणि त्यानंतर बसमध्ये माझी खिडकीची जागा कोणी घेतली नाही. विणकामाच्या बाबतीत मी कधी कुणाला लाजलो नाही, माय, आणि ती तुझीच देण आहे. बिनचूक टाका पडतो तेव्हा मला अजून स्वतःचं कौतुक वाटतं.

यंदा भादव्यात लेकीला मुलगी झाली. बाळंतपण इथेच, आपल्या घरी. तिचं घर एटापल्लीला आहे, जावई तिकडे शिक्षक. भाऊबीज झाली की जाणार असं ठरलेलं. तिकडे डोंगराच्या अंगाने थंडी लवकर उतरते, आणि सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीचे ट्रक धावून रस्ता लाल धुळीने भरलेला असतो, म्हणून मी म्हटलं पांढरी लोकर नको. ती म्हणाली, पिवळीच पाहिजे. तुझ्या मांडीवर पिवळा स्वेटर घालून बसलेला तिचा एक फोटो आहे ना, तसाच तिला हवा होता. तो स्वेटर कुठून असणार? तिला लहान झाला तसा तू उसवलास, तिच्या मोठ्या स्वेटरमध्ये पट्टा म्हणून घातलास, तोही पुढे उसवलास. पण तुझं माप मला तोंडपाठ होतं: रुंदी दीड वीत, लांबी दीड वीत दोन बोटं, बाही एक वीत. बारा दिवसांत स्वेटर तयार केला आणि मोठ्या ऐटीत नातीच्या अंगात घातला. तो तिच्या गुडघ्यांच्याही खाली गेला. बाहीत हात सापडेना.

“बाबा, हा तं बालवाडीत घालीन ते,” लेक म्हणाली आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तुझी सूनही हसली. मीही हसलो, आणि स्वेटर काढून त्यावर माझी वीत ठेवून पाहिली. नऊ वर्षांचा असताना केलेली चूक मी साठीला आल्यावर पुन्हा केली होती, फक्त उलट्या बाजूने. माझी वीत घेतली होती. आणि आता बरोबर वीत ठेवायला तू नव्हतीस.

तुझी सून म्हणाली, पोरगी समोर आहे, टेप लावा, नाहीतर मोबाइलवर बघा, तिथे सगळी मापं मिळतात. तिचं चुकत नव्हतं. पण टेपाने मोजून स्वेटर कुणीही करील. तुझ्या मापात दोन थंड्या धरलेल्या असायच्या, लेकरू वाढलं तरी स्वेटर पुरायचा. ती वीत माझ्यापर्यंत येऊन संपली, माझ्यापुढे गेलीच नाही, हे मला सहन होईना. तुझ्या शेवटच्या थंडीत मी ड्यूटीवरून तुला भेटायला आलो होतो. तू खाटेवर बसली होतीस. हात पुढे करून म्हणालीस, “माह्या विताचं माप लिहून घे एक डाव.” मी म्हटलं, आता टेप नाही माझ्यापाशी, आणि कशाला, मला पाठ आहे सगळं. तू हात मागे घेतलास आणि चहाचं विचारलंस.

दिवाळीला सहा दिवस उरले होते. मी तो स्वेटर उसवला, लडी केली, धुतली, तांब्या बांधून मागच्या अंगणात टांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकर वाळली का पाहायला मागचं दार लोटलं. मागचं दार उगवतीला आहे, आणि या दिवसांत ऊन अगदी आडवं येतं. त्या उन्हात दाराच्या फळीवर रंगाखाली काहीतरी उठून दिसलं. पाच ताणलेली बोटं आणि तळवा.

मग आठवलं. घर बांधलं त्या वर्षीची दिवाळी. दाराला निळा ऑइल पेंट दिला होता, पुरता वाळलाही नव्हता. पाडव्याला तू गेरूत हात बुडवून गायीच्या पाठीवर ठसे उमटवलेस, आणि हात धुवायच्या आधी एक ठसा त्या दारावर दाबलास. रंग ओला होता, हात रुतला, निघताना रंग घेऊनच निघाला. मी भडकलो. नवीन दार खराब केलं म्हणून पाहुण्यांसमोर तुला बोललो. तू शांतपणे म्हणालीस, “गाईले देल्ला, दाराले काऊन नाई?” पुढे मीच त्यावर दोनदा रंग चढवला. झाकलं गेलं असं मला वाटत होतं.

मी माझा हात त्या ठशावर ठेवला. माझी बोटं तुझ्या बोटांच्या एक पेर पुढे गेली. माय, तुझा हात एवढा लहान होता? मला तर तो केवढा मोठा आठवतो. त्या मफलरच्या दिवसानंतर मी कधी आपले हात लावून पाहिलेच नव्हते. दारापाशी उभा राहून मी रडलो, खोटं कशाला सांगू. मग खराट्याची एक काडी घेतली, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत लावली आणि तिथे मोडली.

पाच दिवसांत स्वेटर झाला. मी इतक्या वेगाने कधी विणलं नव्हतं. धान कापायला आलं, मजूर विचारायला आले, त्यांना म्हटलं भाऊबीज होऊ द्या. भाऊबीजेच्या दिवशी नातीला स्वेटर घातला. खांद्यावर बसला, मनगटावर एक घडी घालावी लागली, तेवढीच तू ठेवायचीस. लेकीने मोबाइलमध्ये तो जुना फोटो उघडला आणि कितीतरी वेळ दोन्हीकडे पाहत राहिली. निघताना मी ती काडी तिच्या हातात दिली. म्हटलं, ही तुझ्या आजीची वीत, जपून ठेव, पुढचं हिच्यानेच मोजायचं. तिने विचारलं, आजीच्या हाताचं माप तुम्हाला एवढ्या वर्षांनी कसं माहीत? मी म्हटलं, पाठ होतं मला. तिने मान हलवली, कौतुकाने. गाडी पाळीच्या वळणाआड गेली तेव्हा तलावावर थंडीतली बदकं उतरत होती.

आता मुठीएवढी पिवळी लोकर उरली आहे. तू करायचीस तसाच हा कागद चौघडी करून त्यावर ती गुंडाळणार आहे, म्हणजे पुढच्या स्वेटरला लोकर कमी पडेल तेव्हाच हा कुणाच्या हाती लागेल. लेकीला मी खरं सांगितलं नाही, ते तुला सांगतो. मला काही पाठ नव्हतं. आणि मेंटेनन्सवाल्याच्या खिशात टेप नाही असं कधी होतं का? तू हात पुढे केलास तेव्हा टेप माझ्या खिशातच होता, माय. ड्यूटीवरून दमून आलो होतो, उठून माप घ्यायचा कंटाळा आला.