ठोक्याच्या नाकावर टिच्चून

३ मार्च, संध्याकाळ

आजपासून कोपऱ्यावरच्या मेकॅनिकचं तोंड पाहायचं नाही. कारखान्याच्या बसचा थांबा बरोबर त्याच्या दुकानासमोर आहे, त्यामुळे दिसणारच. पण पाहून न पाहिल्यासारखं करायचं.

म्हणे, गाडीचं इंजिन पार झिजलंय. सिलिंडर आतून कापून नवा बोअर मारावा लागेल, पिस्टन बदलावा लागेल, तीन आठवडे द्या. मी म्हटलं, तीन आठवडे? इंजिन बांधताय की धरण? तर हात पुसत म्हणाला, साहेब, एवढी घाई असेल तर घरी बांधा. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. दोघंही हसली. एक जण जरा जास्तच.

ठीक आहे. घरी बांधतो.

गाडी म्हणजे मोटरसायकल, बावीस वर्षांची. टू-स्ट्रोक. माती, दगड, चढ यासाठीच बनवलेली. लेकीला मी हिच्यावरच शिकवलं, खाणीच्या मागच्या माळावर. टू-स्ट्रोक आणि फोर-स्ट्रोक नुसत्या आवाजावरून ओळखायलाही. लेक ३० तारखेला नोकरीसाठी दुसऱ्या गावी चाललीय. जाण्याआधी खाणीपर्यंत एक चक्कर मारायची, ती पुढे आणि मी मागे, अशी तिची अट. मी शब्द दिलाय. हातात सत्तावीस दिवस. मला बारा पुरतात.

मेकॅनिकचं नाव ठेवलं: ठोक्या. कुठलाही नट समोर आला की आधी हातोडी घेतो.

४ मार्च

संकल्प:
इंजिन बांधून १५ तारखेला ठोक्याच्या दुकानासमोर गाडी उभी करायची. बंद करायची नाही. फक्त रेस करायची. बोलायचं काहीही नाही.

हिला कार गॅरेजबाहेर काढायला सांगितलं. ही म्हणाली, किती दिवस? मी म्हटलं, बारा. ही 'बरं' म्हणाली. त्या 'बरं'चा सूर मला आवडला नाही. नोंद करून ठेवतो.

८ मार्च, रविवार

इंजिन उतरवलं. खोललं. कुणाच्याही मदतीशिवाय! गॅरेजभर वर्तमानपत्रं पसरली आणि त्यावर सगळे भाग मांडले. काय देखणं दिसतं.

ही रिकामे डबे घेऊन आली. प्रत्येक डब्यात एकेका जागेचे नट ठेवा आणि वर चिठ्ठी लावा, म्हणाली. मी सव्वीस वर्षं बाटल्यांच्या झाकणांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. माझ्या टेबलावरून पास झालेलं एक झाकण आजवर गळालेलं नाही. मला डबे नकोत. माझं डोकं आहे.

१० मार्च

कोणीतरी गॅरेजचं दार उघडं टाकलं. वारा आला. वर्तमानपत्रं उडाली.

कोणीतरी म्हणजे मीच, पण कारण ही. जेवायला तीनदा हाक मारली. तीनदा हाक मारली की माणूस दार लावायचं विसरतो.

एकवीस नट एका ढिगात. काळजीचं कारण नाही. नट म्हणजे नट.

१४ मार्च

सिलिंडर बोअरसाठी १० तारखेला लेथवाल्याकडे टाकला होता, तो परत आला, तसाच. बोअर मारलेलाच नाही. चार दिवस झोपा काढत होता का, असं फोनवर विचारलं. तर उलट मलाच म्हणतो, पिस्टन कुठाय? आधी नवा पिस्टन द्या, त्याच्या मापाने बोअर मारतात. हे त्याने पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. म्हणतो, सांगितलं होतं, तुम्ही मला मापं कशी घ्यायची ते शिकवत होता.

खोटारडा. मी फक्त त्याची पद्धत कशी चुकीची आहे ते समजावत होतो, तेही जेमतेम अर्धा तास.

उद्याची १५ तारीख आता २२ धरायची. जबाबदार: लेथवाला.

१९ मार्च

बोअर झाला. पिस्टन आला. आज पिस्टन बसवायला घेतला.

लेक गॅरेजमध्ये आली, स्टूल ओढून बसली. मदत करते, म्हणाली. मी म्हटलं, बघ आणि शीक. पिस्टनच्या पिनेला दोन्ही बाजूंनी तारेची बारीक क्लिप असते, पिन बाहेर सरकू नये म्हणून. ती बसवत होतो. लेक म्हणाली, बाबा, आधी खाली इंजिनाच्या तोंडात फडकं कोंबा, क्लिप निसटली तर आत पडेल. मी म्हटलं, माझ्या हातून निसटत नाही.

निसटली.

आत पडली.

तिने आधी अपशकुनी बोलायला नको होतं. मी तसं म्हणालो. जरा मोठ्या आवाजात म्हणालो असेन. गॅरेजमध्ये आवाज घुमतो, त्याला मी काय करणार? लेक उठली, स्टूल भिंतीशी लावलं आणि गेली. दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

२० मार्च

कारखान्यात रजा. क्लिप शोधतोय. लोहचुंबक दोऱ्याला बांधून सोडलं. चुंबक आतल्या आतच चिकटून बसलं. आता दोन गोष्टी काढायच्यात.

संध्याकाळ: इंजिन उलटं करून हलवलं. शेजारी येऊन विचारून गेला, काही मदत हवी का. त्याच्या चेहऱ्यावरून मदतीची इच्छा दिसत नव्हती. चुंबक पडलं. क्लिपही त्यालाच चिकटलेली. म्हणजे माझी पद्धत बरोबरच होती!

लेकीला हे सांगायला गेलो. ती बॅग भरत होती. छान, म्हणाली. वर पाहिलं नाही.

२२ मार्च

सिलिंडर पिस्टनवर चढवत होतो. जात नव्हता. जोर लावला. 'टक्' झालं आणि गेला. म्हणजे जायला हवा होता, तो गेला. मग परत काढला. पिस्टनवरच्या रिंगेचे दोन तुकडे.

रिंगेची तोंडं पिस्टनवरच्या बारीक खुंटीशी जुळवायची असतात, असं लेक तीन दिवसांपूर्वी स्टुलावर बसून म्हणाली होती. मोबाइलवर पाहिलं होतं म्हणे. मोबाइलवर काय, काहीही दाखवतात. हे मात्र नेमकं खरं निघालं.

या रिंगा फक्त ठोक्याकडे मिळतात. मी मेलो तरी जाणार नाही. हिला पाठवलं.

ही एका तासाने आली. रिंगा घ्यायला तास? दुकान कोपऱ्यावर, चाळीस पावलं. म्हणाली, बोलत बसले, भला माणूस आहे. शिवाय निरोप आणला: पिस्टनवर बाण आहे, त्याचं टोक सायलेन्सरच्या बाजूला हवं. मी म्हटलं, हे मला माहीत नाही का?

ही गेल्यावर पिस्टन काढून फिरवला. तसाही फिरवणारच होतो.

२६ मार्च

बांधून झालं. सहा नट उरलेत. कंपन्या पूर्वी जास्तीचे नट द्यायच्या.

उद्या.

२७ मार्च, सकाळ ८.४०

सुरू झाली!!! सातव्या किकला! निळा धूर नाही, खडखड नाही. आवाज असा की शेजाऱ्याच्या खिडक्या थरथरल्या. (थरथरू देत.) लेक धावत बाहेर आली. हसली. चक्क माझ्या खांद्यावर हात ठेवला. ही दारात उभी होती, तीही हसत होती.

हेल्मेट घेऊन येतो, म्हटलं. आधी ठोक्या, मग खाण.

९.१५

ठोक्यापर्यंत पोचलो नाही. गाडी तापावी म्हणून आधी गल्लीत दोन फेऱ्या मारल्या; चौथ्या मिनिटाला, त्याच्या दुकानाच्या अलीकडे, एकदम गळा धरल्यासारखा आवाज झाला आणि मागचं चाक जाम. घसरत थांबलो. पडलो नाही, हे लिहून ठेवतो. किक हलेना. दगड झाली.

ठोक्या दुकानातून पाहत होता. आला. मी यायला सांगितलं नव्हतं. वाकून सायलेन्सर पाहिला, टाकी उघडून वास घेतला. मग हळू आवाजात विचारलं, साहेब, पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळलं होतं ना?

हा काय प्रश्न झाला? टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल घालावं लागतं, नाहीतर पिस्टन आत चिकटतो, हे शेंबडं पोरही सांगेल. मी म्हटलं, अर्थात. आणि गाडी ढकलत घरी आणली. लेक घरून धावत आली आणि मागून ढकलायला लागली.

११.००

ऑइलचा डबा फळीवर आहे. नवाच. सील शाबूत.

हे सील सदोष असणार. न उघडल्यासारखं दिसतंय.

२८ मार्च

पेट्रोलपंपावर जाऊन आलो. पेट्रोलमध्ये भेसळ आहे, अशी लेखी तक्रार करायची होती. तिथला माणूस म्हणाला, त्याच पेट्रोलवर सकाळपासून दोनशे गाड्या गेल्या, साहेब. मी म्हटलं, एकही टू-स्ट्रोक नसेल. तो म्हणाला, मग तुम्ही ऑइल घातलं होतं का?

या गावात सगळ्यांना तोच एक प्रश्न सुचतो.

सिलिंडर उतरवला. आतून ओरबाडल्यासारखा. नवा पिस्टनसुद्धा.

लेक दारात येऊन म्हणाली, बाबा, राहू द्या आता, आपण चालत जाऊ खाणीपर्यंत. मी म्हटलं, मी शब्द दिलाय तो गाडीचा. ती म्हणाली, मला गाडीचं काही नाही हो. मी म्हटलं, तुला नसेल, मला आहे. अजून दीड दिवस आहे. तू मला कमी समजू नकोस.

२९ मार्च, रविवार

दोघी गेल्या. ठोक्याच्या दुकानातल्या गाडीवरून! त्याने लेकीला चावी दिली, दुपारपर्यंत आणून द्या म्हणे. लेक पुढे, ही मागे. जिने बावीस वर्षांत माझ्या गाडीवर, माती लागते म्हणून, बूड टेकवलं नाही, ती हेल्मेट घालून, लेकीची पँट घालून. लेक म्हणाली, तुम्ही आधी चला, आईला मी नंतर नेईन. मी म्हटलं, त्या माणसाच्या गाडीवर मी? ही म्हणाली, चल गं, उन्हं वाढतील.

मी गॅरेजमध्ये होतो. सिलिंडरला पॉलिश पेपर मारत होतो. काम महत्त्वाचं होतं.

दोन तासांनी आल्या. हिचा आवाज फाटकापासून ऐकू आला. खदाखदा हसत होती. इतकं हसण्यासारखं खाणीत काय आहे? मला हाक मारली. मी ऐकलं नाही.

पॉलिश पेपरने सिलिंडर अजून बिघडला. पेपरची क्वालिटी.

३० मार्च

बसस्टँडवर गेलो होतो. लेकीला सांगितलं, परवा सुरू होते गाडी, मी गाडीवरूनच येतो तुला भेटायला. ती म्हणाली, या ना. मग म्हणाली, बाबा, गाडी नसली तरी या. बस हलली. हिने हात हलवला. मी पण हलवला, उशिरा. हाताला ग्रीस होतं.

११ एप्रिल

लेकीचा फोन. जेवण बरं आहे, खोली लहान आहे, शेजारीण घोरते. मग विचारलं, गाडी? मी म्हटलं, फर्स्ट क्लास. सुरू आहे. रोज एक चक्कर मारतो.

ही समोरच बसली होती. उठून कारची चावी घेतली आणि कार परत गॅरेजमध्ये लावली. इंजिनाचे भाग कोपऱ्यात सरकवले. सरकवले म्हणजे झाडूने.

१२ एप्रिल, सकाळ ११

पुन्हा फोन. लेक म्हणाली, बाबा, आवाज ऐकवा ना. खोलीत करमत नाहीये.

मी म्हटलं, दहा मिनिटांनी कर. गाडी जरा बाहेर काढतो.

मग गेलो. चाळीस पावलं. ठोक्या प्लग साफ करत होता. मी सांगितलं, असं असं आहे, एखादी गाडी सुरू करून द्या, दोनच मिनिटं. मला वाटलं, आता हा हसणार. दुकानात एक गिऱ्हाईकही होतं. हसला नाही. हात पुसले, भिंतीशी लावलेली एक गाडी मधे आणली, सुरू केली, आणि गिऱ्हाइकाला बाहेर थांबायला सांगितलं.

फोन वाजला. मी सायलेन्सरजवळ धरला. अर्धा मिनिट धरला. मग कानाला लावून विचारलं, ऐकलंस? काय आवाज आहे!

मग लेक म्हणाली, बाबा, हा फोर-स्ट्रोकचा आवाज आहे.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग ती म्हणाली, सुरू झाली की सांगा हं. आणि येत्या रविवारी बसने या. फोन ठेवला.

ठोक्याने गाडी बंद केली. त्याला ऐकू गेलं असणार. म्हणाला, सिलिंडर घेऊन या उद्या, बघू काय करता येतं. उरलेले नटही आणा.

बघतो, म्हटलं.

त्याचं दुकान नऊला उघडतं. विचारलं नाही. पाटीवर लिहिलंय.