गाठ देठासकट

११ नोव्हेंबर, मंगळवार

सुर्वे सर आज पुन्हा लेझरला नाही म्हणाले. "तीस वर्षं मी विजेच्या तारेने खरवडून काढतोय, यशश्री. माणसं बरी होतात."

होतात की! ते काम मला शिकवलंही सरांनीच. पण मूत्राशयातली गाठ तुकड्या-तुकड्यांत काढली, कडा जळल्या, की पॅथॉलॉजीत वाचणार काय? मुळाशी स्नायूच आला नाही, तर ती किती खोल गेली होती कसं कळायचं? मग पेशंटला पुन्हा टेबलावर घ्या. गेल्या महिन्यात हेच झालं.

लेझर आहे आपल्याकडे – मुतखड्यासाठी. त्याने गाठही अख्खी काढता येते. पुण्याहून शिकून आले, ते काय नुसतं सर्टिफिकेट लावायला?

१३ नोव्हेंबर

मुरार भागातले जयसिंहराव. लघवीतून रक्त. मूत्राशयाच्या उजव्या भिंतीवर लहानशी गाठ, सुरुवातीची वाटते. तिथे मागे मांडीची नस असते – विजेने पाय झटकन उडतो, भिंतीला भोक पडू शकतं. लेझरने पाय उडत नाही.

दोन्ही पद्धती समजावल्या. त्यांच्या बायकोने, उषाताईंनी, विचारलं, "लेझरने केलं तर परत नाही ना होणार?"

खोटं कसं बोलू? "तसं नाही सांगता येणार. पण एकसंध निघाली तर तिची खोली नीट कळेल. पुढचा इलाज त्यावरच ठरतो."

जयसिंहराव म्हणाले, "मग लेझरच लाव, बेटा. अंदाज़े से काम नको."

१४ नोव्हेंबर

सर म्हणाले, एक केस. मी मागे उभा राहीन.

१८ नोव्हेंबर

निघाली! अख्खी!

गाठीभोवती आधी लेझरने गोल आखून घेतला. मग थर उचलत खाली, खाली – स्नायूचे पांढरे धागे दिसले तेव्हा धीर आला. मध्ये एकदा रक्ताने पडदा लाल झाला. वाटलं, आता सर म्हणणार, दे इकडे. म्हणाले नाहीत. मी पाणी वाढवलं, रक्त थांबवलं, पुढे गेले. पाय हलला नाही.

बाटलीत टाकण्याआधी तळहातावर घेऊन पाहिली. फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी, देठासकट.

सर हातमोजे काढून गेले.

२० नोव्हेंबर

नळी काढली. लघवी स्वच्छ. जयसिंहरावांना आत्ताच बाड्यावर, चौकातल्या बाजारात चक्कर मारायची आहे!

२५ नोव्हेंबर

पॅथॉलॉजीतून गरिमाचा फोन. "यार, पहली बार किसी ने पूरा भेजा है." गाठ वरच्या थरातच. खाली स्नायू आहे आणि तो साफ आहे. पुन्हा टेबलावर घ्यायला नको.

उषाताई फोनवर रडल्या. जयसिंहरावांना बजावलं – तीन महिन्यांनी दुर्बिणीने तपासायचं, बिडी आजपासून बंद.

सरांना रिपोर्ट दाखवला. चष्मा लावून दोनदा वाचला. "पुढच्या लहान गाठी तू घे. मलाही दाखव कसं करतेस." सर – मला!

नया बाज़ारातून स्कूटरवर मोठ्याने गात आले. ओळखीच्या दुकानदाराने पाहिलं. पाहू दे.

२८ नोव्हेंबर

ओपीडी संपल्यावर सर माझ्या खोलीत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं. "मला लघवीतून रक्त जातंय. घरी सांगितलेलं नाही." सोनोग्राफी मीच केली. डाव्या भिंतीवर गाठ आहे. लहान. मी म्हटलं, दिल्लीच्या डॉक्टरांशी बोलून घेते. सर शर्ट खोचत म्हणाले, "दिल्ली कशाला? तू आहेस ना."