शिवप्पा भावजींची दाढी माझ्यामागे कोणी करावी, त्याची आणि घराची व्यवस्था

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

पुष्कळ वर्षांपूर्वीची एक सकाळ मला अजून डोळ्यांपुढे दिसते. माझे पती पंचाक्षरी माजघराच्या खिडकीत आरसा टेकवून बसले होते. गालाला साबण, हनुवटीला रक्त. आदल्या दिवशी त्यांनी सोलापूरच्या बाजारातून दाढीचे यंत्र आणले होते, दोन्हीकडे धार असलेले पाते ज्यात बसते तसले. डबीत इंग्रजीत छापलेला एक कागद होता. त्यांना उर्दू, कानडी, मराठी तिन्ही वाचता येत. इंग्रजी फक्त मला येत होती. "वाचा की हो बाईसाहेब, माणूस जिवंत हाय तवर," ते म्हणाले. मी वाचले: पाते दोन्ही बाजूंनी सारखे डोकावले पाहिजे. त्यांनी यंत्र डोळ्यांजवळ नेले, उजेडात फिरवले आणि म्हणाले, "ह्या खिडकीतून वाकून बघतंय, त्या खिडकीत कुणीच न्हाय." आम्ही दोघेही इतके हसलो की त्या दिवशी दुकान उघडायला उशीर झाला.

मी लक्ष्मम्मा भ्रतार लिंगैक्य पंचाक्षरी तोडकरी, वय सुमारे अठ्ठावन्न, राहणार मौजे सास्तूर, जिल्हा उस्मानाबाद, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छातीत कळ येते, परंतु डोके ठिकाणावर आहे आणि अक्षर अजून सरळ पडते. हे लिही असे मला कोणी सांगितलेले नाही. लिहू नका असे मात्र सांगून झाले आहे. कचेरीत उर्दू तर्जुमा लागल्यास शेजारचे शरणप्पा मास्तर यांनी तो करून द्यावा. अर्थाविषयी वाद पडल्यास हा मराठी मजकूर खरा धरावा.

कलम पहिले: ज्यांच्यासाठी हे लिहीत आहे ते.

शिवप्पा हे माझ्या पतींचे धाकटे भाऊ, माझे भावजी. त्यांनी लग्न केले नाही. तरुणपणी सीमेवरच्या गावांतून कानडी खेळ होत, त्यांत ते राणीचे काम करीत. त्यासाठी त्यांनी मिशी काढली. इतर जातींत बाप गेल्यावर मिशी काढतात. आम्हा लिंगायतांत ती चाल नसली तरी गाव एकच असल्यामुळे माझ्या सासऱ्यांना ते फार लागले. "मी मेलो का रे?" असे विचारून त्यांनी वर्षभर मुलाशी बोलणे टाकले. भावजींनी मिशी ठेवली नाही. खेळ बंद पडले, केस पांढरे झाले, तरीही गाल तुळतुळीत असल्याशिवाय ते ओट्यावर येऊन बसत नाहीत. ओट्यावर बसले नाहीत तर कोणाशी बोलत नाहीत, आणि बोलले नाहीत तर जेवत नाहीत. हा क्रम मी पुष्कळदा पाहिला आहे, म्हणून लिहिते.

माझ्या पतींच्या मागे ते यंत्र भावजींकडे आले. पुढे त्यांना कंपवात झाला. आधी हात हलू लागले, मग मान. धोंडीबा न्हावी येऊ लागला. पण एके दिवशी त्याने वस्तरा मिटून ठेवला.

"मालक, मी वस्तरा धरून उभा ऱ्हातो अन् तुमची मान आपणहून त्याच्यावर येतीया. कवातरी माझ्या हातून खून व्हईल."

"व्हऊ दे की. न्हाव्यानं राणी मारली म्हणून नाव ऱ्हाईल तुझं."

"नाव नको अन् राणीबी नको," असे म्हणून धोंडीबाने पेटी उचलली. त्याच्याविषयी माझ्या मनात काही नाही. तो खरे बोलला. मान हलणाऱ्या माणसाला उघडा वस्तरा चालत नाही. पाते झाकणाखाली बसते असले यंत्रच लागते. म्हणून ते मी हातात घेतले. वहिनी दिराची दाढी करते, हे गल्लीतल्या बायकांना पाहवेना. त्यांना मी म्हणाले, तुम्ही या, मला तेवढीच विश्रांती. कोणी आल्या नाहीत.

कलम दुसरे: यंत्राविषयी.

माझे शिक्षण सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये झाले. वडील रेल्वेत होते. तिथल्या एका सिस्टरनी आम्हा मुलींकडून भिंतीवरचे बंद पडलेले घड्याळ उघडवले होते. त्या म्हणत, बिघडलेल्या वस्तूवर रागावू नका, तिला एका वेळी एकच प्रश्न विचारा. त्या घड्याळाचे पुढे काय झाले ते आठवत नाही, सवय मात्र राहिली. पुढे लिहिते ते सर्व अशा प्रश्नांतून कळलेले आहे.

दाढी करताना केस ओढले जात असतील तर पात्याला दोष देण्याआधी पाणी पाहावे. आमच्या विहिरीचे पाणी मचूळ आहे, त्याला फेस धरत नाही. पावसाचे साठवलेले घ्यावे, नाहीतर उकळून निवळलेले. यंत्र गालावर कुरकुरत थरथरले तर दांडा सैल आहे. फार आवळला तर पाते वाकते आणि मधल्या भागात लागते. नीट बसलेल्या पात्याचा आवाज कडब्याचे वाळके पान बोटांत चोळल्यासारखा येतो, तो कानात ठेवावा. नव्या पात्याचा मेणकागद चिकटून राहिलेला नाही ना, हे पाहावे; माझ्या पतींनी एकदा कागदासकट दाढी केली आणि कंपनीला शिव्या दिल्या. पाते फडक्याने कधीही पुसू नये, धार जाते. पाण्यात खळबळून, झटकून, उन्हात वाळवावे आणि करडीच्या तेलाचे बोट लावून ठेवावे. लढाईच्या काळात पाती मिळेनाशी झाली तेव्हा मी जुने पाते काचेच्या पेल्यात आतून दोन बोटांनी दाबून मागेपुढे घासत असे, मग उलटून दुसऱ्या अंगाने. त्याने बोथट पाते आणखी काही दिवस चालते. असे का होते ते मला अजून कळलेले नाही. कोणाला कळल्यास भावजींना सांगावे, त्यांनाही जाणून घ्यायचे आहे.

कलम तिसरे: गेल्या पावसाळ्यात जे घडले.

मला महिनाभर ताप होता. भावजींची दाढी करायचे काम माझा पुतण्या कल्याणप्पा याच्याकडे आले. कल्याणप्पा हा माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा. दुकान तोच पाहतो. त्याने घाईघाईत पाते तिरपे बसवले आणि भावजींच्या हनुवटीला कापले. भावजी म्हणाले, "मिशीवाल्यांचा हात असाच." कल्याणप्पाने यंत्र परातीत आदळले आणि तो निघून गेला. यंत्र पडले असे तो सांगतो. ते पडले नाही, टाकले गेले, एवढी नोंद मी करून ठेवते.

त्यानंतर ते यंत्र एकाच अंगाने कापू लागले. दुसरे अंग नुसते साबण सारी. नवे पाते घातले, तरी तेच. भावजींची दाढी वाढली. ते ओट्यावर येईनात. मी अंथरुणावरून त्यांचा आवाज ऐकायला कान लावून पडायची आणि तो येत नसे. कल्याणप्पा म्हणू लागला की काकांना मठात ठेवू, तिथे सेवा होईल.

एके दुपारी त्याची बायको रुद्रम्मा माझ्यापाशी येऊन बसली. ही मुलगी या घरात आल्यापासून मी तिचा आवाज फारसा ऐकला नव्हता.

"आत्याबाई, एक विचारू? रागवायचं न्हाय."

"विचार."

"ते एकाच अंगानं कापतंय. मग पातं आतल्या आत फिरवून घातलं, ह्या अंगाचं त्या अंगाला, तर खोडबी फिरंल का?"

मी उठून बसले. इतकी वर्षे यंत्र हाताळून हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. खोड पात्याबरोबर फिरली तर पाते खोटे, जागच्या जागी राहिली तर यंत्र खोटे! मी तिला काजळाची डबी आणायला सांगितले. पात्याच्या एका धारेजवळ तिने काजळाचा ठिपका दिला. आता करून कोणावर पाहायचे? "माझ्या हातावर लव हाय की," असे म्हणून तिने बांगड्या वर सारल्या. ठिपक्याची बाजू कापत होती, दुसरी नाही. पाते फिरवले. आता ठिपक्याची बाजू कापेना आणि दुसरी कापू लागली. खोड जागची हलली नव्हती. पाते निर्दोष होते. आम्ही खालची दातेरी पट्टी उन्हात धरली, तर एका अंगाचे दात किंचित वर आलेले; धार त्यांच्याआड लपत होती. सोनाराकडून चिमटा आणून, त्याला चिंधी गुंडाळून, रुद्रम्माने एकेक दात खाली दाबला. मोडेल म्हणून मी डोळे मिटले होते. तिने मिटले नव्हते. मला त्या दिवशी ताप होता की उतरला होता, हे खरोखर आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने पदर दातांत धरला आणि भावजींची हनुवटी हातात घेतली. मान हलते तिच्याबरोबर हात हलू द्यायचा, अडवायचा नाही, हे तिला मी सांगितले नव्हते. त्याच वेळी कल्याणप्पा जेवायला आला.

"हे काय चाललंय? सून हाय ती! सासऱ्याच्या तोंडाला हात लावतीया?"

"अर्धी झालीया," भावजी म्हणाले. "उरलेली तू करतोस का? मागच्या टायमाला केलीस ती खूण अजून हाय बघ."

"काका, मठात चला. तिथं दाढी वाढली तर लोकं पाया पडतील."

"माझ्या न्हवं रे. दाढीच्या पडतील."

कल्याणप्पा माझ्याकडे वळला. "काकू, तुम्ही हायसा तवर चालू द्या. म्होरलं माझ्याकडं."

हे मृत्युपत्र मी त्या वाक्यासाठी लिहीत आहे.

कल्याणप्पा वाईट नाही. तो शाळेत जात असे तेव्हा पोरे त्याला राणीचा पुतण्या म्हणत. तो रडत घरी येई आणि भावजी ओट्यावर दिसले की मागल्या दाराने आत शिरे. ती पोरे आता त्याची गिऱ्हाइके आहेत, हेही मी जाणते.

कलम चौथे: घर.

मौजे सास्तूर येथील राहते घर, परसासह, माझ्या वडिलांनी माझ्या नावे घेऊन दिलेले आहे. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. ते मी रुद्रम्मा भ्रतार कल्याणप्पा हिच्या एकटीच्या नावे करते. तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "नको आत्याबाई, घरात भांडण व्हईल." मी म्हणाले, भांडण आधीपासून आहेच, यापुढे ते तुझ्या घरात होईल.

अट एक आहे. ओट्यालगतची खोली शिवप्पा हयात आहेत तोवर त्यांची. स्वतः त्यांनी "जातो" म्हटल्याशिवाय त्यांना मठात, पाहुण्यांकडे किंवा कोठेही हलवू नये. हलवल्यास त्या दिवसापासून घर भावजींचे, आणि त्यांनी ज्याला द्यावे त्याचे. दाढी एका दिवसाआड करावी. उद्या त्यांनाच दाढी वाढवावीशी वाटली तर वाढू द्यावी, कारण विचारू नये. मी विचारले असते, पण मी नसेन.

कलम पाचवे: बाकीचे.

माझ्या गळ्यातले इष्टलिंग माझ्याबरोबर जाईल. पेटीतल्या निजामी हाली रुपयांतून माझ्या मागचा दासोह घालून लोकांना जेवू घालावे, जेवण साधे असावे. उरतील त्यांची पाती आणावीत. बैलगाडी आणि दोन्ही बैल कल्याणप्पाला. दुकान त्याचेच आहे, त्यात मी लिहिण्यासारखे काही नाही. माझी इंग्रजी पुस्तके शरणप्पा मास्तरांच्या शाळेला. पतींचा लोकरी कोट धोंडीबाला. हिवाळ्यात तो पहाटे गावभर फिरतो. चांदीचा करदोडा मोडून रुद्रम्माने स्वतःसाठी काही करावे, घरासाठी नको. यंत्र, ब्रश आणि तुरटीचा खडा तिच्याकडे आहेत, ते मी आजच दिले.

माझ्या उशाखाली मेणकागदातले एक नवे पाते आहे. ते कल्याणप्पाला द्यावे. मागल्या सोमवारी भावजींनी त्याला हाक मारली होती, "ये, बघू तुझा हात." तो आत आला नाही. पण दारातून हललाही नाही. रुद्रम्माचे काम संपेपर्यंत पाहत उभा होता. श्रावणात ती माहेरी जाईल. तेव्हा त्याने हे पाते उघडावे. घाई करू नये.

मुक्काम सास्तूर, मार्गशीर्ष वद्य, शके १८६८, ता. १८ डिसेंबर १९४६.

सही: लक्ष्मम्मा भ्रतार लिंगैक्य पंचाक्षरी तोडकरी

साक्षीदार: शरणप्पा, शाळामास्तर. बाईंनी आमच्यासमोर वाचून दाखवून सही केली.

साक्षीदार: धोंडीबा न्हावी, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

मजकूर ऐकला, खोली कबूल: शिवप्पा तोडकरी. (सहीला वेळ लागला. मध्ये कोणी हात धरलेला नाही.)