अप्पांच्या ग्रिलमधला सूर्य

ताइनान,
सातव्या महिन्याचा शेवटचा आठवडा

तीर्थस्वरूप बी-श्या ताईस, धाकट्या तियन-फूचा (कंबर जेवढी वाकते तेवढी वाकवून) नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या हुआलियेनला परत जमीन हलल्याचं बातम्यांत ऐकलं. इकडे फक्त कपातला चहा हलला, पण त्साय-फेंग लगेच म्हणाली, "वन्संना फोन करा." मी म्हटलं, ताई फोनवर "जिवंत आहे" एवढं सांगते आणि ठेवून देते, त्यापेक्षा सविस्तर पत्र लिहितो. या गोष्टीला बारा दिवस झाले. तू जिवंत आहेस असं धरून लिहितो आहे. आम्ही दोघं ठीक. माझी साखर थोडी वाढली आहे, पण ती सुक्या लाँगन फळांमुळे नव्हे, हे डॉक्टरांना पटलं नाही तरी तुला पटेल.

तर विषय आपल्या पुढच्या खिडकीचा. त्साय-फेंग लग्न होऊन आली तेव्हापासून तिला ती खिडकी नको आहे. लाकडी झडपा पावसात फुगतात, डास येतात, आणि अप्पांनी बसवलेलं ते लोखंडी ग्रिल पुसताना तिची बोटं दर नववर्षाला अडकतात. तिला हव्या आहेत सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या, शेजारणीसारख्या. एकतीस वर्षं मी "बघू" म्हणत आलो (हा शब्द नसता तर माझा संसार कधीच मोडला असता). पण या उन्हाळ्यात डासांनी हद्द केली. मी हार मानली, माणूस येऊन मापं घेऊन गेला. ग्रिल भंगारात जाणार हे ठरलंच होतं. ताई, खरं सांगतो, मला काही वाटलं नव्हतं. आयुष्यभर आपण त्याच्यावर मुळे वाळत घातले, मोजे वाळत घातले, त्याच्याकडे बघितलं कधी?

आणि मग झानसाहेब म्हणून एक गिऱ्हाईक माझ्या दुकानात आले. आले म्हणजे मोटरसायकल ढकलत आले. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आणि माझ्यापेक्षा फारच तुकतुकीत. पेट्रोलची टाकी अशी घडवलेली, की पावसाचा थेंब पडला तर कुठून ओघळायचं हे त्याला विचार करून ठरवावं लागेल. मी चाळीस वर्षं स्कूटर दुरुस्त करतो आहे, पण टाकीवरून हात फिरवणारा माणूस पहिल्यांदा बघितला. गावाकडे म्हशीच्या पाठीवरून फिरवतात तसा, हलक्या हाताने. मी प्लग साफ करत होतो आणि ते मला सांगत होते, ही घडी ज्याने टाकीला घातली त्याला घाई नव्हती, बघा. मनगटावर घड्याळ होतं, त्यात आकडेच नव्हते, एक काटा आणि एक ठिपका. मी विचारलं, "किती वाजले?" त्यांनी बराच वेळ घड्याळाकडे प्रेमाने बघितलं आणि म्हणाले, "दुपार आहे."

माणूस वेडा आहे असं मी ठरवत होतो, तेवढ्यात त्यांची नजर खिडकीवर गेली. ते गल्लीच्या मध्यावर उभे राहिले, मग गुडघ्यावर बसले. मागून एक भाजीवाली हॉर्न वाजवत होती, त्याचंही भान नाही. शेवटी म्हणाले, की मी अख्ख्या बेटावरची ग्रिलं बघितली आहेत, डोंगर, फुलं, सारंगी, मासे, सगळी. पण ही रेघ मी कुठे बघितली नाही. उगवता सूर्य, त्याच्यात उडणारे दोन पक्षी, खाली होडी, त्याखाली लाटा, आणि वर हा एक ढगाचा झुपका. त्यांनी विचारलं, कोणी काढलं? मी म्हटलं, आमच्या अप्पांनी. (ताई, मला तेव्हा असंच वाटत होतं. राग मानू नको, कारण पुढे कळेल.)

त्यांनी फोटो काढला, तो कुठेतरी टाकला, आणि पुढच्या रविवारपासून गल्लीत माणसं येऊ लागली. मी बनियनवर माशाची पेज खात बसलेला असतो, आणि समोर चार मुली छत्र्या मिटून खिडकीचं कौतुक करत असतात. सुरुवातीला लाजलो. मग शर्ट घालू लागलो. मग, कबूल करतो, समजावून सांगू लागलो. हा सूर्य म्हणजे आशा, ही होडी म्हणजे समुद्र ओलांडून आलेले आपले पूर्वज, हे दोन पक्षी म्हणजे अप्पा आणि आई. एका बाईंनी विचारलं, पक्ष्यांची तोंडं खाली का? मी म्हटलं, नम्रता. आतून त्साय-फेंग ओरडली, "अहो नम्रता, गॅसवर दूध ठेवलंय!"

पंधरा दिवसांनी झानसाहेबांनी मला त्यांच्या ताइचुंगच्या घरी बोलावलं. ताई, त्या घराला दार नाही. म्हणजे आहे, पण भिंत आणि दार एकाच करड्या रंगाचे, कडी नाही, फट नाही. मी घराला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि शेवटी देवळात करतो तसे हात जोडून उभा राहिलो. तेव्हा भिंतच आत गेली आणि झानसाहेब दिसले. आत सगळं इतकं सुंदर होतं की कुठे टेकावं कळेना. एका खुर्चीवर बसायला गेलो तर ते घाईने म्हणाले, "ती नको, ती बघायची आहे." उभ्याउभ्या चहा प्यालो. एका कपाटात छत्तीस घड्याळं, सगळी बंद. चालवली की झिजतात म्हणे. माझी परतीची गाडी होती, तर अख्ख्या घरात वेळ सांगणारं एकच घड्याळ निघालं, माझ्या हातातलं, प्लास्टिकचं, सुनेने दिलेलं. झानसाहेबही त्यात डोकावून गेले.

पण थट्टा पुरे. त्या माणसाला बघता येतं, हे मी मानलं. त्यांनी एकेक घड्याळ हातात देऊन दाखवलं, हा काटा बघा कसा टोकाला बारीक होत जातो, हा पट्टा शिवणाऱ्याने शेवटचा टाका कुठे लपवलाय तो शोधा. मी शोधला, सापडला, आणि लहान मुलासारखा खूश झालो. मग त्यांनी एक पांढरी भिंत दाखवली. रिकामी. म्हणाले, अप्पांचं ग्रिल इथे लावू. मी विचारलं, मागे खिडकी कुठे आहे? म्हणाले, खिडकी नाही, उजेड सोडू. आणि बदल्यात तुमच्या घराला वरपासून खालपर्यंत अॅल्युमिनियमच्या खिडक्या मी बसवून देतो, डासांच्या जाळीसकट.

मी घरी येऊन हे सांगितलं आणि त्साय-फेंगने देवघरात उदबत्ती लावली. तिच्या दृष्टीने एकतीस वर्षांचा नवस फळला होता. माझ्या मात्र घशाखाली उतरेना. वारा नाही, पाऊस नाही, मोजे नाहीत, अशा भिंतीवर अप्पांचं लोखंड काय करणार? आमचं चांगलं वाजलं. ती म्हणाली, "सासरे जिवंतपणी तुमच्याशी एक शब्द चांगला बोलले नाहीत, आणि आता त्यांच्या लोखंडासाठी मी डासांचा मार खायचा?" मी एवढंच म्हटलं, की सातव्या महिन्यात घराला हातोडा लावत नाहीत, भुतं मोकळी असतात. तिने महिना संपेपर्यंत मुदत दिली. (भुतांचे उपकार मानणारा गल्लीत मी एकटाच असेन.)

आता मुख्य गोष्ट. पितरांच्या पानासाठी अप्पांच्या लोहारकामाच्या भट्टीवरचे भागीदार आ-शुई काका जेवायला आले. आठवतात ना? शहाऐंशी वर्षांचे आहेत, दात तीन, आवाज पूर्वीचाच. मी त्यांच्यापुढेही सूर्य, होडी, पूर्वज सुरू केलं. काकांनी बदकाचा तुकडा खाली ठेवला आणि इतके हसले की त्साय-फेंगने पाठ चोळली. म्हणाले, "अरे गाढवा, तो सूर्य नाही. ते तुझं डोकं आहे."

ताई, तू सात वर्षांची होतीस, मी दोनचा. आई मला टबात अंघोळ घालत होती आणि मी भोकाड पसरलं होतं. तू भट्टीच्या फरशीवर अप्पांच्या खडूने ते काढलंस, भलं मोठं. गोल म्हणजे माझं डोकं, पक्षी म्हणजे घट्ट मिटलेले डोळे, होडी म्हणजे उघडं तोंड, लाटा म्हणजे टबातलं पाणी, आणि ढगाचा झुपका म्हणजे माझ्या डोक्यावरचे त्या वेळी असलेले एकूण केस. अप्पा तुला ओरडले, खडू फुकट घालवला म्हणून. तू रडत झोपलीस आणि दुसऱ्या दिवशी तुला गोवर निघाला म्हणून मावशीकडे धाडलं. इकडे फरशी पुसायला काकांनी बादली आणली, तर अप्पा म्हणाले, थांब. पट्ट्या तापवल्या आणि एकेक करून तुझ्या रेघांवर बसवून बघू लागले. काका म्हणाले, "वेड लागलं का? गिऱ्हाइकाचं काम पडलंय." तर अप्पा म्हणाले, "पोरीने रेघ कुठे मोडली नाही बघ. एका दमात काढलीय. मला जमणार नाही." तीन दिवस लागले. तू परत आलीस तेव्हा खिडकी बसली होती. तू विचारलंस, "हे काय?" अप्पा म्हणाले, "ग्रिल."

एवढंच. आपले अप्पा.

तू अठरा वर्षांची झालीस आणि चित्रकलेच्या कॉलेजचा फॉर्म आणलास, तेव्हा तेच अप्पा म्हणाले होते, रेघोट्यांनी पोट भरत नाही. तू नर्सिंगला हुआलियेनला गेलीस आणि मग आलीस फक्त लग्नकार्यापुरती, आणि अप्पांच्या अंत्यविधीनंतर तेवढीही नाही. मी तुला दोष देत नाही. तुझ्या जागी मीही असाच फोन ठेवला असता. पण काका निघून गेल्यावर मी खिडकीसमोर स्टूल टाकून बसलो, ताई. आता तो चेहरा एकदा दिसला की सूर्य पुन्हा दिसतच नाही. आणि रेघ खरंच कुठे मोडलेली नाही. मी बोट फिरवून बघितलं. झानसाहेबांना फोन करून तुझ्या रेघांची गोष्ट सांगितली आणि नाही म्हटलं. ते म्हणाले, "सात वर्षांची होती?" आणि ती गोष्ट मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली. हा माणूस मला आवडतो.

बाकी सर्व कुशल. गुडघ्याला गरम शेक घे, जिने चढू नको. पत्राचं उत्तर सवडीने, पण या महिन्यात दे.

तुझा धाकटा,
तियन-फू

ता. क. एक बारीकसं काम आहे. वस्तीप्रमुख बाईंनी खिडकीखाली पाटी लावायचं ठरवलं आहे, चित्राचं नाव आणि चित्रकाराचं नाव. तुझं नाव मी दिलं आहे. चित्राचं नाव मी 'समुद्रावरचा सूर्योदय' असं दिलं आहे. बाई खात्री करायला तुला फोन करतील. तू फक्त "हो, सूर्योदय" म्हण. ताई, रोज शंभर माणसं येतात, आणि मला याच गल्लीत दुकान चालवायचं आहे. बाईंची इच्छा आहे की पाटीवरचा कपडा चित्रकाराने स्वतः ओढावा. त्यासाठी तू यावंस असं त्यांना वाटतं. मलाही वाटतं.

ता. क. २. वन्सं, मी त्साय-फेंग. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. खिडकीचं रद्द केलं आहे, आतून जाळी मारून घेतली, डास थांबले. यांच्याशी भांडण झालं की मी बाहेर जाऊन तो चेहरा बघून येते, बरं वाटतं. पाटी रंगवून घरी आली आहे. मी आज सकाळी ती पुसून परत लिहिली, 'भोकाड पसरलेला भाऊ. को बी-श्या, वय वर्षे सात.' रंग अजून ओला आहे आणि हे बाजारातून यायचे आहेत. तुम्ही लवकर या.