मुरुडशेंगेला शेंगा धरल्या

१८ सप्टेंबर २०२४
सापडली! गोंडपिपरीच्या पुढे, सागाच्या विरळ जंगलात, नाल्याच्या उतारावर — मुरुडशेंग. माझ्या डोक्यावर जाईल एवढी. पानं खरखरीत, खालून मऊ. फुलं तर विचारू नका! आता शेंगा धरलेल्याही बघायच्यात.
"एकटं नाई जायचं, मॅडम," म्हणून वनरक्षक नागसेन सोबत आला. काठी घेऊन पाठमोरा उभा. मी झुडूप बघत होते, तो जंगल.

२२ सप्टेंबर
ताजं फूल लाल, शिळं निळसर-राखी. शिंजीर पक्षी लालमध्येच चोच घालतो.
"मंग जुनं फूल झाड टाकून काऊन नाई देत?" नागसेननं विचारलं.
म्हटलं, दुरून झुडूप भरलेलं दिसावं म्हणून असेल कदाचित.
त्यानं एका शिळ्या फुलाला बोट लावलं. मग म्हणाला, "बायको वारून लय दिवस झाले. कोनी नवीन मानूस विचारते, तं अजून घरी हाये म्हनतो मी."
कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवताना दिवसभर बोलते मी. आज मात्र नुसती वही मिटली.

२७ सप्टेंबर
पाऊस. गेले नाही. झुडपाची आठवण आली — असं म्हणायचं, झालं.

३ ऑक्टोबर
त्याच नाल्याजवळ वाघानं गुराख्याला जखमी केलं. जंगल बंद. नागसेन गस्तीवर.

४ ऑक्टोबर
फोन लागत नाही. जेवण गेलं नाही. फुलांचे फोटो लावत बसले. एकात कोपऱ्यात त्याची पाठ आलीय. तोच मोठा करून बघितला. वय अडतीस, अन् हे काय!

७ ऑक्टोबर
कॉलेजच्या फाटकाशी उभा! गुडघ्यापर्यंत चिखल. पळसाच्या पानात हिरव्या, नुकत्याच पीळ घेतलेल्या शेंगा.
"तुमाले पाहाच्या होत्या ना?"
"वाघ फिरून राह्यला अन् तुम्ही शेंगा तोडत बसलात?" — सगळ्यांसमोर ओरडले. शिपाई बघतच राहिला. मग रडूच आलं मला.
"गस्त तिकूनच होती," तो हळूच म्हणाला. शेंगा माझ्या ओंजळीत ठेवल्या. हात लगेच काढला नाही.

११ ऑक्टोबर
लग्नाचं आज मीच विचारलं.
त्यानं टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "आईनं तुमच्यासाठी साडी कवाचीच घेऊन ठेवली. म्हने, घाई नोको करू — थे स्वताच विचारन."