मंगळाच्या पांघरुणातली सुई

तीर्थरूप बाबांना लेकीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

पुढच्या वर्षी मंगळावर जाणाऱ्या यंत्रमानवाचं, थंडीपासून जपणारं पांघरूण आम्ही शिवतोय. इथे बाहेरची सुई चालत नाही. तरी हात बसलाय म्हणून मी तुमच्या शिंपीकामातलीच सुई गुपचूप वापरत होते. काल ती हरवली, बहुतेक पांघरुणातच राहिली. संध्याकाळी सुया मोजल्या, तर बरोबर भरल्या. तुमची मोजणीत नव्हतीच. आमच्यावर देखरेख करणाऱ्या बाई "शाब्बास" म्हणाल्या आणि मी नुसती हसले.

पडलेली सुई सापडेपर्यंत तुम्ही नवरदेवालासुद्धा कोट दिला नव्हतात, बाबा.

पत्र पेटीत टाकते आणि बाईंना सांगायला जाते. मला कामावरून काढून टाकलं तर तुमच्या दुकानात घ्याल ना? सुया मात्र मोजून द्या.

तुमचीच,
धाकटी